नवी इमारत हिरवी, म्हणजे पर्यावरणपूरक, आहे का? पार्किंगपासून बघा

ठाण्यात घोडबंदर रोडला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा मी फक्त किचनची टाइल बघितली. पहिल्या पावसात पार्किंगमध्ये पाणी साचलं. पावसाचं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा उघडला तर आत डेब्रिज भरलेलं! तुमचं तसं होऊ नये म्हणून सांगते.

महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, साइटवरून मंजूर नकाशा काढा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर पर्जन्यजलसंचय बंधनकारक आहे. त्यासाठी नकाशात दाखवलेला शोषखड्डा जागेवर जाऊन शोधा. झाकण उघडायला लावाच. गच्चीचा पाइप थेट गटारात जात नाही ना, हे पाइपामागे चालत जाऊन बघा. १०० चौरस मीटर गच्चीवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर पाणी. मग घोडबंदरला उन्हाळ्यात टँकर मागवताना ते आठवतं.

माहितीपत्रकात ‘ग्रीन’ लिहिलेलं असेल तर ग्रिहा किंवा आयजीबीसी या हरित इमारतींना रेटिंग देणाऱ्या व्यवस्थांचं प्रमाणपत्र मागा. रेटिंगनुसार बिल्डरला ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येईल ते प्रमाण) मिळू शकतो, त्यामुळे विचारायला अजिबात संकोचू नका. प्रमाणपत्र प्राथमिक आहे की अंतिम, तेही वाचा. सोलर पॅनेल गच्चीवर गेलात की दिसतीलच.