ग्वाल्हेरच्या लढायांतील अस्सल अवशेष कसे जमवावेत

29 डिसेंबर 1843 रोजी महाराजपूर आणि पनिहार येथे एकाच दिवशी शिंद्यांचे सैन्य इंग्रजांशी लढले आणि जून 1858 मध्ये कोटा की सरायपासून फुलबागेपर्यंत पुन्हा रणकंदन माजले. त्यामुळे ग्वाल्हेर शहराच्या लष्कर या भागातील जुन्या मराठी घरांत त्या काळची एखादी गोळी किंवा तलवार निघणे नवलाचे नाही. संग्रहाची सुरुवात माळ्यावरच्या पेटीपासून करावी, शेत उकरून नव्हे.

संरक्षित स्मारकाच्या हद्दीत विनापरवाना खोदणे गुन्हा आहे आणि अन्यत्रही जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याकडे 1972 च्या पुरावस्तू कायद्याखालचा परवाना आहे का, हे पाहून पक्की पावती घ्यावी.

वस्तू हाती येताच तिची हकिकत लिहून घ्यावी. माझ्या मते संग्रहातले सर्वांत मोलाचे काम हेच. ती कोणाकडे होती, कोठून आली, घरात तिच्याविषयी काय सांगत, हे वडीलधाऱ्यांच्याच शब्दांत टिपून त्याखाली तारीख व त्यांची सही घ्यावी. माझ्या आजोळी डब्यात एक शिशाची गोळी होती. आजी गेल्यावर ती कोणत्या लढाईतली हे सांगणारे कोणी उरले नाही आणि ती चुटपुट मला आजही आहे.

मग पारख करावी. कंपनीच्या शिपायांच्या साध्या नळीच्या बंदुकीची गोळी वाटोळी, सुमारे साडेसतरा मिलिमीटर व्यासाची असे. ती काट्यावर ठेवल्यास एकतीस-बत्तीस ग्रॅम भरते, तर तेवढाच लोखंडी गोळा बावीस ग्रॅमच्या आसपास. जुन्या शिशावर पांढुरके-करडे पुट चढते आणि भिंगाखाली कधीकधी साच्याच्या सांध्याची बारीक रेघ दिसते. याउलट टोकाकडे निमुळती, तळाशी पोकळ गोळी एन्फील्ड रायफलीची. ती रायफल 1853 ची असल्यामुळे तसली गोळी कोणी महाराजपूरची म्हणून देऊ लागल्यास ती घेऊ नये.

इंग्रजांनी जिंकलेल्या तोफांच्या धातूपासून पाडलेल्या ‘ग्वाल्हेर स्टार’ या पदकाची नक्कलही होऊ शकते. त्याच्या सहा टोकांच्या काशाच्या ताऱ्यावर मधोमध छोटा चांदीचा तारा असतो आणि त्यावर लढाईचे नाव व तारीख असते. मागे शिपायाचे नाव व पलटण कोरलेली असल्यास ती त्या पलटणीच्या पदकयादीशी ताडून पाहावी. राम-सीतेचे चित्र असलेली 1818 सालची ‘कंपनीची नाणी’ मात्र कंपनीने कधी पाडलीच नव्हती, तेव्हा ती सरळ बाजूला ठेवावीत.

तोफेचा पोकळ गोळा सापडल्यास तो न हलवता पोलिसांना कळवावे, कारण आत दारू शिल्लक असू शकते.

जतन करताना चिंच, लिंबू किंवा पितळेची पावडर लावून वस्तू चकचकीत करू नये, कारण त्या पुटाबरोबर तिच्या वयाचा पुरावाही निघून जातो. लोखंड मऊ ब्रशने झाडून सिलिका जेलच्या पुड्यांसह कोरडे ठेवावे. शिसे लाकडी पेटीत ठेवू नये, कारण लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने ते हळूहळू झिजते. पॉलिथिनची बंद डबी त्याला चालते. शिसे हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि डबीवर हकिकतीच्या वहीतील पानाचा क्रमांक लिहावा.