नुसत्या बोटीच्या नंबरावर शोधू नका, तारीख पकडा

दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेल्या वैमानिकांना उचलणाऱ्या आरएएफच्या (ब्रिटिश हवाई दलाच्या) लाँचेसचा, म्हणजे वेगवान मोटरबोटींचा, इतिहास शोधताय ना, मग नुसतं ‘एचएसएल १०२’ असा बोटीचा नंबर टाकून बसू नका (एचएसएल म्हणजे हाय स्पीड लाँच; ही १९३६ची, इंग्लंडमधल्या हाइथला बांधलेली बोट अजून जपलीय, बघून खरंच भरून येतं), कारण बोटी तळ बदलायच्या आणि रोजची वही असायची युनिटच्या नावाने. आधी तारीख नि बंदर पक्कं करा. मग लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये (ब्रिटनच्या सरकारी दफ्तरखान्यात) ‘एअर २९’ मालिकेत मरीन क्राफ्ट युनिटचा (बोटी चालवणाऱ्या युनिटचा) फॉर्म ५४०, म्हणजे तीच रोजची वही, काढा आणि त्याच दिवसाची वैमानिकाच्या स्क्वाड्रनची नोंद ‘एअर २७’मध्ये बघा. स्क्वाड्रनच्या नोंदीत विमान कधी पडलं, बोटीच्या युनिटच्या वहीत लाँच कधी सुटली, दोन्ही वेळा शेजारी लिहा.