तबकडीचा फोटो हाती आल्यावर

उडत्या तबकड्यांचे फोटो तपासण्याच्या कामात नवीन आलेला माणूस बहुधा फोटो मोठा करून बघण्यापासून सुरुवात करतो. ठिपका वाढवत नेला की चौकोनांचा लगदा होतो, आणि त्या लगद्यात खिडक्या, दिवे, घुमट, हवं ते दिसायला लागतं. अज्ञात उडत्या वस्तूंचे फोटो मी हौसेने तपासतो. पगार मिळेल अशा जागा या क्षेत्रात फारच थोड्या, हे आधीच सांगून ठेवतो. माझा बहुतेक वेळ त्या ठिपक्यावर नाही, फोटोबाहेरच्या गोष्टी जमवण्यात जातो.

पहिली मागणी मूळ फाईलची. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेली प्रत दाबली जाते आणि तिच्यातली एक्झिफ माहिती, म्हणजे कॅमेऱ्याने फाईलमध्येच नोंदलेली वेळ, शटरचा वेग, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), फोकल लेंथ, गळून पडते. तीच फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. सोबत आधीचे आणि नंतरचे सगळे फोटो मागा. हललेले, हुकलेले, ‘ज्यात काहीच नाही’ असे तर आवर्जून. लोक नेमके तेच डिलीट करतात, म्हणून पहिल्याच बोलण्यात त्यांना थांबवा. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असू शकतं. त्याच कॅमेऱ्याने मोबाईलवरच्या वेळेचा फोटो काढून घेतला की किती चुकलंय ते कळतं.

साक्षीदाराशी बोलताना ‘तबकडी’ हा शब्द आपल्या तोंडून जाऊ देऊ नका. आधी कागदावर चित्र काढून घ्या, मग फोटो समोर ठेवा. उलट केलंत तर तो फोटोचंच वर्णन करेल. माझा सर्वात आवडता प्रश्न: फोटो काढताना हे डोळ्यांना दिसत होतं का? ‘नाही, नंतर बघताना सापडलं’ असं उत्तर आलं की मी आधी पक्षी, कीटक आणि लेन्समधलं परावर्तन यांच्याकडे वळतो. क्वचितच पुढे जावं लागतं.

आता थोडं गणित, कारण नवखे इथेच अडतात. फोटोत आकार नसतो, कोन असतो. मोबाईलचा मुख्य कॅमेरा आडवं साधारण ६५ ते ७० अंशांचं दृश्य टिपतो. ४००० पिक्सेल रुंद फोटोत मध्याजवळची १०० पिक्सेलची वस्तू म्हणजे जवळपास २ अंश. चंद्र जेमतेम अर्धा अंश भरतो, म्हणून अशा फोटोत तो २५-३० पिक्सेलमध्ये मावतो आणि सगळ्यांची निराशा करतो. २ अंश म्हणजे १ किलोमीटरवरचं ३५ मीटरचं यान, किंवा अर्ध्या मीटरवरची पावणेदोन सेंटिमीटरची गांधीलमाशी. फोटो दोन्हींचा सारखाच! अंतराचा पुरावा नसेल तर ‘प्रचंड मोठं होतं’ हे वाक्य साक्षीदाराच्या नावावरच राहू द्या, तुमच्या निष्कर्षात नको.

वेगाचंही तसंच. संध्याकाळी शटर १/३० सेकंदापर्यंत मंदावतं. सेकंदाला ३ मीटर उडणारा कीटक तेवढ्यात १० सेंटिमीटर सरकतो आणि फोटोत चकचकीत दांडका होऊन उमटतो. चौकटीत सूर्य किंवा रस्त्यावरचा दिवा असेल, तर त्याच्यापासून फोटोच्या मध्यबिंदूतून रेघ ओढा आणि पलीकडे तेवढ्याच अंतरावर तो ठिपका पडतो का बघा. पडला, तर बहुतेक लेन्स फ्लेअर, म्हणजे लेन्समधलंच परावर्तन. फोटो कातरलेला असेल तर खरा मध्यबिंदूच हरवतो. आकाशातल्या नेहमीच्या संशयितांसाठी, म्हणजे शुक्र, विमानं, अवकाश स्थानक यांच्यासाठी, स्टेलेरियम (कुठल्याही वेळचं आकाश दाखवतं) आणि फ्लाइटरडार२४ (विमानांचे मार्ग दाखवतं) बऱ्याचदा पुरतात. मे २०१९ मध्ये स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेचे पहिले ६० उपग्रह एकत्र सुटले, तेव्हापासून ‘एका रांगेत दिवे’ ही तक्रार ऐकली की मी आधी प्रक्षेपणाच्या तारखा उघडतो.

जुनी प्रकरणं मात्र सावकाश वाचा. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये मॅकमिनव्हिलजवळ ११ मे १९५० रोजी पॉल ट्रेंट या शेतकऱ्याने काढल्याचं सांगितलेले दोन फोटो मी नवख्यांना हमखास देतो. अमेरिकी हवाई दलासाठी अशा वस्तूंचा अभ्यास करणाऱ्या कॉन्डन समितीसाठी खगोलशास्त्रज्ञ विल्यम हार्टमन यांनी ते तपासले. त्यांची युक्ती देखणी होती: दूरच्या वस्तूची काळोखी बाजू मधल्या हवेमुळे फिकी दिसते, मग तबकडीचा तळ जवळच्या सावल्यांपेक्षा किती फिका आहे ते मोजा. मोजमाप ‘वस्तू दूर आहे’ या बाजूने झुकलं. पण लेन्स मळकी असेल तरी उजळ आकाशाशेजारचा काळोख असाच फिका पडतो. पुढे अशा दाव्यांकडे संशयाने बघणारे रॉबर्ट शेफर यांनी गॅरेजच्या भिंतीवरच्या सावल्या दाखवल्या: त्या सकाळच्या उन्हाशी जुळतात, आणि ट्रेंट कुटुंब तर संध्याकाळ म्हणत होतं. भौतिकशास्त्रज्ञ ब्रूस मॅकाबी यांनी तेही खोडायचा प्रयत्न केला. माझ्या मते सावल्यांचा मुद्दा जड आहे, पण तुम्ही दोन्ही बाजू वाचून स्वतः मोजा.

दुसरं प्रकरण बेल्जियममधल्या पेती-रशेंचं. १९९० मधल्या त्या काळ्या त्रिकोणाच्या फोटोने वीसेक वर्षं भल्याभल्यांना खेळवलं. २०११ मध्ये फोटो काढणाऱ्यानेच तो थर्मोकोलचा असल्याचं सांगितलं. निगेटिव्हमध्ये छेडछाड नव्हतीच, मग सापडणार काय? म्हणून शिकाऊ माणसाला मी पहिला गृहपाठ देतो तो खोटा फोटो काढण्याचा. थर्मोकोलची चकती दोऱ्याने टांगा, दोन मीटरवरून टिपा, आणि दोरा किती सहज नाहीसा होतो ते बघा.

निष्कर्ष लिहिताना फ्रान्सच्या अवकाश संस्थेतल्या जेपान या अज्ञात वस्तू तपासणाऱ्या विभागाचे चार वर्ग मला सोयीचे वाटतात: ए म्हणजे ओळख पटली, बी म्हणजे बहुधा पटली, सी म्हणजे माहितीच अपुरी, डी म्हणजे पुरेशी माहिती असूनही उलगडा नाही. एकटा फोटो, मूळ फाईल नाही, दिशा माहीत नाही, तर बिनदिक्कत सी लिहा. नवखे सीला डी समजतात आणि मग त्यांचाच हवाला देऊन बातम्या छापल्या जातात.

अहवाल गेल्यावरही मूळ फाईल, साक्षीदाराचं चित्र आणि आकडेमोड एकत्र जपून ठेवा. नाव-पत्ता मात्र वेगळ्या जागी. तोच फोटो पुढे नव्या तारखेने आणि भलत्याच देशाच्या नावाने परत येतो, आणि तेव्हा पाच मिनिटांत उत्तर देता येतं.