उन्हाळ्यात खिडकीला काय लावायचं? (नागपूरच्या उन्हाच्या हिशोबाने)

आधी एक गोष्ट पक्की करा, ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं. आतला पडदा कितीही जाड घेतला तरी काच ओलांडून आलेली उष्णता पडदा आणि काचेच्या मधे अडकते आणि मग ती हळूहळू खोलीतच येते, म्हणून पैसे कमी असतील तर पडद्यावर नाही, बाहेरच्या आडोशावर घाला.

सगळ्यात आधी पश्चिमेची खिडकी बघा. मे महिन्यात नागपुरात दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो, पण पश्चिमेला चारनंतर ऊन तिरपं होऊन छज्ज्याखालून थेट पलंगावर येतं. तिथे बांबूची चिक (काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा) किंवा ७५ टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट (सावलीची जाळी) बाहेरून बांधा, ग्रिलला चिकटवून नको, वीतभर अंतर ठेवा म्हणजे मधून हवा खेळते. नेट ताणून बांधा हं, नाहीतर वावटळीत रात्रभर फडफड ऐकत बसाल.

खसची (वाळ्याची) ताटी भारीच, वासही मस्त, पण ती ओली ठेवावी लागते आणि कोरडी गरम हवा असेल तरच खरा गारवा देते, मुंबई-कोकणात दमटपणा वाढण्यापलीकडे फार काही होणार नाही.

आतून लावायचाच असेल तर फिका रंग, काचेकडे पांढरं अस्तर, आणि पडदा भिंतीवर थोडा पुढे जाईल इतका रुंद. कूलर चालू असेल तर मात्र समोरची एक खिडकी थोडी उघडी ठेवा, सगळं बंद केलं तर नुसती चिकचिक होते. सूर्य मावळला की सगळे पडदे सताड उघडा.