ऑफिसच्या सर्व्हरवरील फोल्डरना परवानग्या कशा द्याव्यात

विंडोज सर्व्हरवर सामायिक फोल्डर करताना परवानगी व्यक्तीच्या नावे न देता गटाच्या नावे द्यावी, हे आधीच ठरवून टाकावे. लेखा विभागासाठी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (ऑफिसातील खाती आणि गट यांची मध्यवर्ती नोंद) ‘लेखा-बदल’ आणि ‘लेखा-वाचन’ असे दोन गट केले, की कोणी नव्याने रुजू झाले किंवा कोणाची बदली झाली तरी त्यांना गटात घालणे किंवा गटातून काढणे एवढेच काम उरते. व्यक्तींच्या नावे दिलेल्या परवानग्या मात्र वर्षानुवर्षे साचत जातात आणि खाते पुसल्यावर यादीत नावाऐवजी ‘एस-1-5-21’ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक दिसतो, जो कोणाचा होता हे सांगणे अवघड होते.

नेटवर्कवरून येणाऱ्याला शेअरच्या (फोल्डर नेटवर्कवर सामायिक करताना दिलेल्या) आणि एनटीएफएसच्या (ड्राइव्हवरील फाइल-व्यवस्थेच्या, ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये दिसणाऱ्या) अशा दोन्ही परवानग्या लागू होतात आणि त्यांतली जी कडक असेल ती चालते. म्हणून शेअरच्या यादीतून ‘एव्हरीवन’ (सर्वजण) काढून ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ला (लॉग-इन केलेल्या सर्वांना) ‘चेंज’ (वाचणे, बदलणे, पुसणे) आणि प्रशासकांना ‘फुल कंट्रोल’ (परवानग्या बदलण्यासह सर्व काही) द्यावे. बाकीची बारकाई ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये करावी. फाइल तयार करणारा तिचा मालक ठरतो आणि मालकाला परवानग्या बदलता येतात, पण शेअरवर ‘चेंज’च असेल तर नेटवर्कवरून ते त्याला करता येत नाही. याच कारणासाठी सिक्युरिटीतही कर्मचाऱ्यांना ‘मॉडिफाय’च्या (‘चेंज’सारखीच, पण सिक्युरिटी टॅबमधली परवानगी) वर काही देऊ नये, मग मागणारा कितीही वरिष्ठ असो.

लेखा फोल्डरच्या आतले ‘पगार’ फोल्डर मोजक्यांनाच दिसायला हवे असेल, तर त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मधून ‘सिक्युरिटी’ आणि तेथून ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ उघडून ‘डिसेबल इनहेरिटन्स’ (वरच्या फोल्डरकडून परवानग्या येणे बंद करणे) दाबावे. पुढे येणाऱ्या दोन पर्यायांपैकी वरच्या फोल्डरकडून आलेल्या परवानग्या तशाच ठेवून त्या स्वतंत्र करणारा पर्याय निवडावा आणि मग नको असलेले गट एकेक करून काढावेत. सगळ्याच परवानग्या एकदम पुसल्या तर ‘सिस्टिम’ (खुद्द विंडोजचे खाते) आणि ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ही त्यात जातात, म्हणून घाई करू नये. त्यानंतर ‘पगार-बदल’ गटाला ‘मॉडिफाय’ द्यावे. ‘डिनाय’चा (परवानगी स्पष्टपणे नाकारण्याचा) मोह टाळावा, कारण एकच माणूस दोन गटांत असला की त्याला नेमके कोणत्या गटामुळे अडवले जाते आहे हे शोधण्यात फार वेळ जातो.

शेवटी ‘अ‍ॅडव्हान्स्ड’च्या त्याच खिडकीतल्या ‘इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस’ टॅबमध्ये एखाद्या कर्मचाऱ्याचे नाव घालून त्याला प्रत्यक्षात काय करता येते हे तपासावे. गटात नव्याने घातलेल्या माणसाला लॉग-ऑफ करून पुन्हा लॉग-इन करायला सांगावे, कारण गटांची यादी लॉग-इनच्या वेळीच घेतली जाते. एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवलेली फाइलही उघडून पाहावी, कारण कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते, तर त्याच ड्राइव्हवर हलवलेली फाइल अनेकदा जुन्याच परवानग्यांसह येते.