ऊसतोडीला निघण्याआधी आई-वडिलांसाठी एवढं कराच

दिवाळीच्या सुमारास बीड, धारूर, वडवणीकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि कित्येक घरांत फक्त म्हातारी माणसं उरतात. निघायच्या आधी एक दिवस त्यांच्या कागदांसाठी काढाच. ६५ वर्षांवरील गरजूंना श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत करायचा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, म्हणून बँकेत जाऊन खातं जोडलंय ना, हे स्वतः विचारा. मंजूर झालेली पेन्शनही नेमकी इथेच अडकते. मातीत राबून बोटांच्या रेषा पुसल्या गेल्या असतील तर आधार केंद्रावर डोळ्यांची नोंदही अद्ययावत करून घ्या. आधारला तुमचाच मोबाइल नंबर असेल तर ओटीपी तुमच्याकडे येईल, तेव्हा फडावर असलात तरी त्यांचा फोन उचला.

१४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. पेन्शनची माहिती, कायद्याचा सल्ला, छळाची तक्रार, सगळं तिथे सांगता येतं. हा नंबर चुलीजवळच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहा, आणि शेजारच्या पोरालाही पाठ करायला लावा.