तळ्यातली पाणवनस्पती कशी ओळखायची आणि माशांच्या टँकमध्ये कशी आणायची

तळ्यातून किंवा ओढ्यातून आणलेलं रोप ओळखताना सगळ्यात जास्त फसवतो तो पानाचा आकार. एकाच रोपाला पाण्याखाली एक तऱ्हेची पानं येतात आणि पाण्याबाहेर दुसऱ्या तऱ्हेची. रोटाला रोटुंडिफोलियाची हवेतली पानं गोलसर असतात, पाण्याखालची लांबट आणि अरुंद. त्यामुळे फोटोशी ताडून लावलेलं नाव बऱ्याचदा चुकतं. त्याऐवजी पान खोडावर कसं बसलंय, कड कशी आहे, चिखलात काय आहे आणि फूल कसं आहे, हे या क्रमाने पाहावं.

गोळा करायला पावसाळा सरल्यानंतरचे दिवस, साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, चांगले. पाणी निवळलेलं असतं आणि बरीच रोपं फुलावर असतात. शेततळं, कालवा, भातखाचराची कड अशा जागा निवडा आणि मालकाला विचारूनच पाण्यात उतरा. सांडपाणी मिसळणारे नाले टाळा. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलायचं नाही. कासच्या पठारावरचा वायतुरा, म्हणजे अपोनोजेटॉन सातारेन्सिस, सह्याद्रीत मोजक्याच ठिकाणी उरलाय. त्याचा फक्त फोटो घ्या.

एका जातीच्या दोन-तीन काड्या पुरतात, पण त्यातली एक मुळापासून शेंड्यापर्यंत अखंड हवी. पाण्याखालची आणि वरची पानं एकाच खोडावर दिसली की अर्धं काम झालं. पिशवीवर पेन्सिलीने तारीख, पाण्याची खोली, पाणी वाहतं की साचलेलं आणि तळाशी चिखल की वाळू, हे लिहा.

घरी पांढऱ्या ट्रेमध्ये तीन-चार सेंटिमीटर पाणी घेऊन रोप त्यात पसरा. पाण्याबाहेर काढलं की बारीक पानं एकमेकांना चिकटतात आणि काहीच कळत नाही. हाताशी दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवा.

खोडाभोवती लहान पानांचे वेढे असतील तर बहुतेक हायड्रिला. एका पेरावर तीन ते आठ पानं, कडेला नुसत्या डोळ्यांना दिसणारे दाते, आणि पानामागच्या मधल्या शिरेवरही बारीक काटे. बोटांमधून ओढलं की खरखर लागते. चिखलात वाटाण्याहून लहान कंद सापडले तर शंका उरत नाही. दुकानात एलोडिया म्हणून मिळणारी इजेरिया हिच्यासारखीच दिसते, पण तिचे दाते भिंगाशिवाय दिसत नाहीत आणि तिला कंद येत नाहीत.

पिसासारख्या बारीक पानांच्या गटात जास्त गोंधळ होतो. सेराटोफायलमला मुळंच नसतात आणि त्याचं पान एक-दोनदा दुभागतं. लिम्नोफिलाला मुळं असतात, पाण्याखाली चिरलेल्या पानांचे वेढे असतात आणि पाण्यावर साधी दातेरी पानं. पान चुरगाळलं की बहुधा उग्र सुगंध येतो. कॅबोम्बा कॅरोलिनियानाची पाण्याखालची पानं समोरासमोर जोडीने, देठावर पंख्यासारखी पसरलेली असतात. ती मूळची अमेरिकेतली. पानांवर टाचणीच्या डोक्याएवढ्या किंवा त्याहून बारीक पिशव्या दिसल्या तर ती युट्रिक्युलेरिया, सूक्ष्म जलचर पकडून खाणारी. आणि हाताला कुरकुरीत लागून लसणासारखा वास आला तर ते रोपच नव्हे. ते कारा नावाचं शैवाल.

पट्टीसारखी लांब पानं असतील तर बुडाशी बघा. आडवे धागे जाऊन नवी रोपं फुटलेली आणि मादीफुलाचा देठ स्प्रिंगसारखा वळलेला असेल तर व्हॅलिस्नेरिया. जमिनीत जाड खोड, लाटेसारख्या कडा आणि पाणी उतरल्यावर येणारा पिळदार नळीचा फुलोरा, ही ओढ्यातल्या क्रिप्टोकोरीन रेट्रोस्पायरॅलिसची खूण.

नाव कळलं तरी रोप लगेच टँकमध्ये नको. जळवा, गोगलगायींची अंडी आणि चतुराच्या अळ्या सोबत येतात, आणि चतुराची एक अळी माशांची पिल्लं एकेक करून संपवते. एक ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट एक लिटर पाण्यात विरघळवा. त्यातलं १० मिलिलिटर दर लिटर पाण्याला घालून रोप १० मिनिटं बुडवा, मग स्वच्छ धुवा. पाणी गुलाबीचं तपकिरी झालं की औषधाचा जोर संपला. पुन्हा नवं करा. नाजूक पानांची आधी एकच काडी बुडवून बघा. चिकट आवरणातली अंडी यातूनही वाचतात, म्हणून पुढे तीन-चार आठवडे वेगळ्या बादलीत, भरपूर उजेडात ठेवा आणि अंड्यांतून निघणाऱ्या गोगलगायी वेचून काढा.

या काळात पाण्याबाहेर वाढलेली पानं कुजून गळतात. खोड टणक आणि शेंडा हिरवा असेल तर रोप फेकू नका, कुजकी पानं तेवढी खुडा. नंतर फुटणारी पानं हीच त्याची पाण्याखालची खरी पानं, त्यांचा फोटो काढून नाव पुन्हा पडताळा. तीन-चार आठवड्यांनंतरही नवं पान आलं नाही तर ते बांधावरचं रोप होतं, टँकमध्ये तगणार नाही.

उरलेल्या काड्या आणि बादलीतलं पाणी गटारात किंवा दुसऱ्या तळ्यात टाकू नका. हायड्रिलाच्या एका पेरापासूनही नवं रोप उभं राहतं. काड्या उन्हात कडकडीत वाळवून कुंडीत टाका आणि पाणी झाडांना घाला.